गायक म्हणाला ‘काळी एक’, गिटारवर हात कुठे ठेवायचा? फ्रेटबोर्डवरचे सूर लक्षात ठेवण्याची सोपी रीत

‘आज आवाज बसलाय, काळी दोन नको, काळी एक घेऊ.’ गायकाने ऐनवेळी असं सांगितलं की पेटीवाला लगेच हात सरकवतो. चार-पाच कॉर्ड पाठ करून बसलेला गिटारवाला मात्र तिथेच अडकतो. त्याला कॉर्डचे आकार येतात, पण बोटाखाली कोणता सूर आहे हे ठाऊक नसतं.

पेटीशी नातं

पेटीची पांढरी एक म्हणजे सी. पुढच्या पांढऱ्या क्रमाने डी, ई, एफ, जी, ए, बी. काळी एक सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प आणि पाच ए शार्प. असे एकूण 12 सूर. गिटारवर एक फ्रेट म्हणजे अर्धा सूर. म्हणून 12 व्या फ्रेटवर मोकळ्या तारेचाच सूर एक सप्तक वर मिळतो.

ई-एफ आणि बी-सी यांच्यामध्ये काळी पट्टी नाही, त्यामुळे ते लागून येतात. बाकीच्या पांढऱ्या सुरांमध्ये एक फ्रेट सुटतो.

आधी दोन जाड तारा

सगळ्यात जाड, म्हणजे सहावी तार ई. तिच्यावर 1 ला फ्रेट एफ, 3 रा जी, 5 वा ए, 7 वा बी, 8 वा सी, 10 वा डी. पाचवी तार ए. तिच्यावर 2 रा बी, 3 रा सी, 5 वा डी, 7 वा ई, 8 वा एफ, 10 वा जी. एवढं आधी पक्कं करावं.

बाकीच्या तारांसाठी युक्ती आहे. सहाव्या तारेवरचा सूर चौथ्या तारेवर दोन फ्रेट पुढे, एक सप्तक वर सापडतो. पाचवीवरून तिसरीवरही तसंच. चौथीवरून दुसरीवर आणि तिसरीवरून पहिलीवर जाताना मात्र तीन फ्रेट पुढे जावं लागतं.

कॅपो आहे की!

कॅपोने काम भागतं, पण तो कुठे लावायचा हे कळायला हवं. सी च्या आकारात वाजवताना काळी एकसाठी 1 ला फ्रेट, काळी दोनसाठी 3 रा. कॅपो सूर फक्त वर नेतो. गायकाला सी पेक्षा खाली, पांढरी सात हवी असेल, तर ए च्या आकारात 2 ऱ्या फ्रेटवर कॅपो लावावा.

रोजची दहा मिनिटं

रोज एकच सूर घ्यावा, सहाही तारांवर शोधावा आणि तोंडाने नाव घ्यावं. सी घेतला तर सहावीपासून पहिलीपर्यंत फ्रेट येतात 8, 3, 10, 5, 1, 8. सात दिवसांत सात पांढऱ्या होतात. काळ्या त्यांच्यामधल्या फ्रेटवर आपोआप सापडतात.