आरंभिक–अंतिम वस्तुमान संबंध

श्वेत बटू ताऱ्याचे वस्तुमान आणि तो ज्या मूळ ताऱ्यापासून निर्माण झाला त्याचे जन्मावेळचे वस्तुमान यांतील संबंधाला खगोलभौतिकीत आरंभिक–अंतिम वस्तुमान संबंध म्हणतात. ताऱ्याने आयुष्यभरात किती द्रव्य अवकाशात गमावले, हे यावरून कळते. सूर्याच्या सुमारे ८ पटींपर्यंत वस्तुमान असलेले तारे अखेरीस श्वेत बटू होतात. मात्र बहुतेक श्वेत बटूंचे वस्तुमान ०.६ सौर वस्तुमानाच्या आसपास आढळते.

वस्तुमान घटण्याचे कारण

गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर तारा प्रसरण पावून तांबडा राक्षसी तारा बनतो. गाभ्यातील हेलियमही संपल्यानंतर तारा स्पंदन पावू लागतो आणि त्याच्या बाह्य थरांत धूलिकण तयार होतात. प्रकाशाच्या दाबामुळे ही धूळ बाहेर ढकलली जाते व वायूलाही सोबत नेते. शेवटी उरलेला गाभा, बहुधा कार्बन व ऑक्सिजनचा, म्हणजेच श्वेत बटू होय.

निर्धारणाची पद्धत

मूळ तारा अस्तित्वात नसल्याने त्याचे वस्तुमान अप्रत्यक्षपणे काढावे लागते. यासाठी तारकागुच्छ उपयोगी पडतात, कारण गुच्छातील सर्व तारे जवळजवळ एकाच वेळी जन्मलेले असतात. वर्णपटावरून श्वेत बटूचे तापमान व पृष्ठीय गुरुत्व मिळते आणि त्यांवरून त्याचे वस्तुमान व निवण्यास लागलेला काळ ठरतो. गुच्छाच्या वयातून हा काळ वजा केल्यास मूळ ताऱ्याचे आयुर्मान मिळते. अधिक वस्तुमानाचे तारे अल्पायुषी असल्याने आयुर्मानावरून आरंभिक वस्तुमान काढता येते. फोल्कर वायडेमान यांनी १९७७ मध्ये निरीक्षणांच्या आधारे असा संबंध मांडला.

उदाहरणे

कृत्तिका तारकागुच्छात सुमारे १ सौर वस्तुमानाचा एक श्वेत बटू आहे. याच गुच्छात सूर्याच्या कित्येक पट वस्तुमानाचे तारे अद्याप तेवत आहेत. त्यांच्याआधी आयुष्य संपलेला हा तारा त्यांच्याहून जड असला पाहिजे. म्हणजेच त्याने आपले बहुतांश द्रव्य गमावले आहे. व्याध या युग्मताऱ्यातही हेच दिसते. व्याध-अ चे वस्तुमान सुमारे २ सौर वस्तुमान, तर श्वेत बटू असलेल्या व्याध-ब चे सुमारे १ आहे. तरीही जन्मावेळी व्याध-ब हाच जड तारा होता व त्याचे वस्तुमान ५ सौर वस्तुमान किंवा त्याहून काहीसे अधिक असावे.

संबंधाचे स्वरूप

सूर्यासारखा तारा जवळपास निम्मे द्रव्य गमावतो. ३ सौर वस्तुमानाच्या ताऱ्यापासून साधारण ०.७, तर ५ सौर वस्तुमानाच्या ताऱ्यापासून साधारण १ सौर वस्तुमानाचा श्वेत बटू उरतो. म्हणजे आरंभिक वस्तुमानाबरोबर अंतिम वस्तुमान वाढत असले, तरी गमावलेल्या द्रव्याचे प्रमाणही वाढते. ही वाढ सर्वत्र सलग नाही. पाओला मारिगो व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये १.८ सौर वस्तुमानाच्या आसपास या आलेखात एक लहान उंचवटा दाखवला. या वस्तुमानाच्या ताऱ्यांच्या पृष्ठभागावर कार्बनचे प्रमाण वाढते, पण सुरुवातीस धूळ कमी तयार होत असल्याने द्रव्य मंदपणे बाहेर पडते व गाभ्याला वाढण्यास अधिक अवधी मिळतो, असे त्यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले.

महत्त्व

श्वेत बटूचे एकूण वय ठरवण्यासाठी हा संबंध आवश्यक असतो. कोणत्या वस्तुमानापासून पुढे ताऱ्याचा शेवट अतिनवताऱ्याच्या स्फोटात होतो, याचा अंदाजही त्यावरून बांधता येतो. ताऱ्यांनी गमावलेल्या वायूपासून नवे तारे व ग्रह घडतात. त्यामुळे दीर्घिकेतील कार्बन व नायट्रोजन यांचा हिशेबही याच संबंधावर अवलंबून असतो.