मोडलेल्या हाताने ७५ मिनिटं खेळून देशाला जिंकवणारा कॅप्टन : ॲलन प्रेस्कॉट

ॲशेस म्हटलं की आपल्याला क्रिकेटच आठवतं. पण इंग्रज आणि ऑस्ट्रेलियन लोक याच नावाची आणखी एक मालिका खेळायचे, ती म्हणजे रग्बी लीगची ॲशेस. १९५८ साली या मालिकेतली दुसरी टेस्ट ब्रिस्बेनमध्ये झाली. या सामन्याला इंग्लंडमध्ये आजही 'प्रेस्कॉटची मॅच' म्हणतात. हा प्रेस्कॉट म्हणजे ग्रेट ब्रिटनचा कॅप्टन ॲलन प्रेस्कॉट.

आधी रग्बी लीग म्हणजे काय ते बघू

रग्बीचे मुख्य प्रकार दोन, युनियन आणि लीग. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या क्लब्जनी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बैठक घेतली आणि वेगळी चूल मांडली. भांडण होतं पैशाचं. इकडचे खेळाडू खाण कामगार, गिरणी कामगार. शनिवारी मॅच खेळायची म्हणजे मजुरी बुडायची. ती भरून द्यावी एवढीच मागणी होती, पण खेळ चालवणाऱ्यांना ती मान्य नव्हती. पुढे या फुटलेल्या क्लब्जनी नियमही बदलले आणि १५ ऐवजी १३ खेळाडूंचा खेळ सुरू केला. तोच रग्बी लीग.

विडनेसचा पोरगा

प्रेस्कॉटचा जन्म १७ जून १९२७ चा, लँकेशायरमधल्या विडनेसचा. गाव रासायनिक कारखान्यांचं आणि रग्बी लीगच्या वेडाचं. प्रेस्कॉटने सुरुवात हॅलिफॅक्स क्लबकडून केली. १९४९ मध्ये तो सेंट हेलन्सला आला आणि इथे त्याचं नाव झालं ते प्रॉप म्हणून.

प्रॉप म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेतला खांब. धडका द्यायच्या, धडका झेलायच्या आणि मधल्या हुकरला हाताने धरून तोलायचं. काम कष्टाचं, टाळ्या मात्र दुसऱ्यांना. प्रेस्कॉट अंगाने दांडगा होताच, शिवाय प्रॉपच्या मानाने चांगलाच वेगवान होता.

१९५६ साली त्याच्या कॅप्टनशिपखाली सेंट हेलन्सने हॅलिफॅक्सला, म्हणजे त्याच्याच जुन्या क्लबला, वेम्बलीवर १३-२ ने हरवलं. सेंट हेलन्सच्या इतिहासातला हा पहिला चॅलेंज कप. फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी लान्स टॉड ट्रॉफीही प्रेस्कॉटलाच मिळाली. तोवर ग्रेट ब्रिटनची कॅप्टनशिपही त्याच्याकडे आली होती आणि त्याच वर्षी मायदेशातली ॲशेस त्याच्या टीमने जिंकली.

५ जुलै १९५८

ऑस्ट्रेलिया दौऱ्यातली पहिली टेस्ट ब्रिटनने २५-८ अशी सपाटून गमावली होती. मालिका तीन टेस्टची. दुसरी हरली की विषय संपला.

ब्रिस्बेनला खेळ सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच प्रेस्कॉटचा उजवा हात मोडला. थोड्या वेळात डेव्ह बोल्टनच्या गळ्याजवळचं हाड मोडलं आणि तो बाहेर गेला. व्हिन्स कॅरेलियस, जिम चॅलिनर, एरिक फ्रेझर हेही दुखापती घेऊन खेळत राहिले.

आता बदली खेळाडू का नाही घेतले? कारण तेव्हा नियमच नव्हता. १३ जण उतरले की १३ जण. एक बाहेर गेला की उरलेल्या १२ जणांनी निभवायचं. बोल्टन गेलेलाच होता. प्रेस्कॉट बाहेर बसला असता तर ११ उरले असते, त्यातलेही काही लंगडे.

प्रेस्कॉट बसला नाही. हाफटाइमनंतर तो पुन्हा मैदानात आला आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबला. प्रॉपचं निम्मं काम हातांचं असतं. तरी मोडलेला हात लोंबकळत ठेवून, एका हाताने टॅकल करत आणि पास देत तो खेळला.

त्यात तेव्हा टॅकलची मर्यादा नव्हती. आज सहा टॅकलनंतर बॉल समोरच्या टीमला द्यावा लागतो. तेव्हा बॉल हातात असेपर्यंत एकच टीम चाल करत राहू शकायची. म्हणजे ऑस्ट्रेलियाने बॉल राखला की बचाव करणाऱ्या ब्रिटनला दम घ्यायलाही फुरसत नाही.

तरी ब्रिटनने मॅच २५-१८ ने जिंकली. १९ वर्षांचा ॲलेक्स मर्फी या टीममध्ये होता आणि त्यानेही ट्राय मारला. सिडनीची तिसरी टेस्ट ब्रिटनने ४०-१७ अशी जिंकून ॲशेस राखली. त्या टेस्टला प्रेस्कॉट नव्हता. ब्रिस्बेन हीच त्याची शेवटची टेस्ट ठरली.

खेळाडूचा कोच झाला

१९५९ मध्ये जिम सुलिव्हननंतर सेंट हेलन्सचं कोचपद प्रेस्कॉटकडे आलं. ज्यांच्यासोबत कालपर्यंत खेळला, त्यांनाच आता टीममध्ये घ्यायचं की वगळायचं, हे त्याला ठरवायचं होतं. टीममध्ये मर्फी होता, कॅरेलियस होता आणि दक्षिण आफ्रिकेहून आलेला भन्नाट विंगर टॉम व्हान व्होलेनहोव्हनही होता.

१९६१ च्या चॅलेंज कप फायनलमध्ये समोर आला शेजारचा कट्टर प्रतिस्पर्धी विगन. वेम्बलीवर ९० हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर सेंट हेलन्स १२-६ ने जिंकलं. क्लबचे पहिले दोन्ही चॅलेंज कप प्रेस्कॉटच्या हाताखाली आले, एकदा कॅप्टन म्हणून आणि एकदा कोच म्हणून. १९६२ मध्ये त्याने सेंट हेलन्सचं काम सोडलं आणि पुढे ली या क्लबला कोचिंग केलं. सप्टेंबर १९९८ मध्ये, ७१ व्या वर्षी त्याचं निधन झालं.

आज असं होईल का?

नाही. ब्रिस्बेननंतर सहा वर्षांनी, १९६४ मध्ये, इंग्लंडमध्ये जखमी खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घ्यायला परवानगी मिळाली, तीही आधी फक्त हाफटाइमपर्यंत. १९६९ पासून कारण कोणतंही असलं तरी बदल करता येऊ लागला. आज हात मोडलेल्या कॅप्टनला डॉक्टरच मैदानात पाऊल टाकू देणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे. प्रेस्कॉटकडे तो पर्याय नव्हता. तो बाहेर बसला असता, तर त्याच्या वाटच्या धडका आधीच जखमी असलेल्या सोबत्यांना झेलाव्या लागल्या असत्या.