वसईची घंटा आणि बैलजोडी

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला. तिथल्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावर एक आहे, वाईजवळ मेणवलीला दुसरी. इतिहासाच्या पुस्तकात लढाई सविस्तर असते. ओझे वाहणाऱ्या बैलांचा हिशेब आपणच मांडायचा.

मेणवलीच्या घंटेवर १७०७ साल आहे. वजन सुमारे ६५० किलो सांगतात. ती मातीवरून नुसती ओढली असती तर? घर्षणांक ०.५ धरू, म्हणजे ३२५ किलोभार जोर हवा. गाड्यावर चढवली, की कच्च्या रस्त्यावर चाकांचा विरोध ओझ्याच्या दहाव्या हिश्शाइतका धरता येतो. तो झाला ६५ किलोभार. बैल दिवसभर आपल्या वजनाच्या साधारण एक दशांश जोर लावतो. साडेतीनशे किलोच्या बैलांची जोडी ७० देईल. सपाटीवर एक जोडी पुरली!

पण वाटेत सह्याद्री आहे. दहास एक चढ आला, की आणखी ६५ किलोभार मागे खेचतात. लागली दुसरी जोडी. शिवाय गाड्याचे वजन आपण विसरलोच! ते ३०० किलो धरले, तर सपाटीवरच दोन आणि चढावर तीन जोड्या लागतात.

वजनाचा आकडा तराजूविना तपासता येईल. काशाची घनता पाण्याच्या सुमारे ८.७ पट, म्हणून ६५० किलोचे आकारमान ७५ लिटर भरायला हवे. परीघ, उंची व जाडी मोजून ते काढता येते. आधी शाळेची पितळी घंटा काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवा, सांडलेले पाणी मोजा आणि उत्तर तराजूवर ताडून पाहा. पितळेला ८.५ घ्या.