दिनविशेष, २५ जुलै : हॅरी पॅच यांचे निधन (२००९)

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीच्या खंदकांत लढलेले अखेरचे हयात सैनिक हॅरी पॅच यांनी आजच्या दिवशी इंग्लंडमधील वेल्स येथे अखेरचा श्वास घेतला. तेव्हा त्यांचे वय १११ वर्षे होते.

जन्म १७ जून १८९८, बाथजवळच्या कूम डाउन गावी. पेशाने प्लंबर. सक्तीच्या भरतीत लष्करात गेलेले पॅच पॅशनडेलच्या लढाईत चिखलात लुइस मशीनगनच्या तुकडीत होते. संगीन रोखून धावून आलेल्या जर्मन सैनिकाला त्यांनी जिवे मारले नाही. पायावर गोळी झाडून थोपवले. २२ सप्टेंबर १९१७ च्या रात्री तोफगोळा फुटून त्यांचे तीन सोबती ठार झाले. ते स्वतः जबर जखमी झाले. शरीरात घुसलेला तुकडा डॉक्टरांनी भूल न देताच काढला. तीच तारीख ते पुढे सोबत्यांचा स्मृतिदिन म्हणून पाळत.

१९१९ मध्ये एडा यांच्याशी लग्न झाले, दोन मुलगे झाले. पन्नासहून अधिक वर्षांच्या त्या संसारात त्यांनी युद्धाविषयी चकार शब्द काढला नाही. एवढे ओझे माणसाने एकट्याने वाहावे, हे ऐकूनच जीव कासावीस होतो. शंभरी गाठल्यावर मात्र ते बोलू लागले. २००४ मध्ये जर्मनीच्या बाजूने लढलेल्या चार्ल्स क्युंट्झ यांना ते आवर्जून भेटले.

वेल्स कॅथेड्रलमधील अंत्यविधीत, त्यांच्याच इच्छेनुसार, एकही शस्त्र नव्हते. शवपेटीसोबत बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचेही सैनिक होते.