शिकायला गेलेल्याने शहर का पाहावे

परदेशी शिकायला गेलेल्या मुलाचे लंडनच्या पुलावरचे किंवा पॅरिसच्या मनोऱ्याखालचे फोटो गावाकडच्या मोबाइलवर पोचले, की एक प्रश्न हमखास निघतो: पोरगं शिकायला गेलंय की फिरायला? परभणीसारख्या जिल्ह्यात तो अधिकच टोकदार होतो, कारण त्या शिक्षणामागे बहुतेक वेळा शेतावरचे कर्ज असते किंवा सरकारी शिष्यवृत्ती. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, पैशाची काळजी असते, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे की युरोपातल्या राजधानीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर शहर पाहणे हा अभ्यासातून चोरलेला वेळ ठरत नाही. त्या पाहण्याने शिक्षण पुरे झाले. आणि ज्या भागातून ही वाट उशिरा सुरू झाली, त्या भागाला त्याची गरज जास्त आहे.

सुरुवातीपासूनच या वाटेवर चालणारे अनेक जण दुसऱ्याच्या पैशावर गेले. विनायक दामोदर सावरकर १९०६ मध्ये लंडनला निघाले ते श्यामजी कृष्णवर्मा यांच्यामार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर, लोकमान्य टिळकांच्या शिफारशीने. भीमराव आंबेडकरांच्या परदेशी शिक्षणाचा आरंभ बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने झाला. पैसा दुसऱ्याचा असला की डोळ्यांनाही हिशेब द्यावा लागतो. सावरकरांनी लंडनहून ‘काळ’ आणि ‘विहारी’ या पत्रांसाठी बातमीपत्रे पाठवली. त्या राजधानीत काय घडते, तिथला माणूस हिंदुस्थानाबद्दल काय बोलतो, हे वाचकांना थेट आपल्याच विद्यार्थ्याकडून मराठीत कळत होते. बॅरिस्टरीच्या अभ्यासाची रचनाही अशा पाहण्याला सोयीची होती. विद्यार्थ्याला ठरावीक सत्रे भरावी लागत, आणि सत्र भरणे म्हणजे मुख्यतः आपल्या ‘इन’च्या, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेच्या, भोजनालयात ठरलेल्या रात्री जेवायला हजर राहणे. मधले दिवस मोकळे असत. त्या मोकळ्या दिवसांत कोणी काय केले, यावर त्याच्या पुढच्या आयुष्याचे बरेचसे ठरले. सावरकरांनी ते इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात घालवले आणि त्यातून १८५७ वरचा ग्रंथ उभा राहिला.

परभणीचा या इतिहासातला धागा वेगळा आहे, आणि तो समजल्याशिवाय आजचा प्रश्नही समजत नाही. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. इथल्या हुशार मुलाची पुढची वाट पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादकडे जाई. तिथे १९१८ च्या फर्मानाने उभे राहिलेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवत होते. मराठी ही घरची आणि देवळातली भाषा, कचेरीची नव्हे. निजाम सरकारही परदेशी शिक्षणाला पैसा देई. सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, १८९५ मध्ये त्याच मदतीवर इंग्लंडला गेल्या. पण त्या दारापर्यंत पोचायचे तर आधी हैदराबादेत घर, ओळख आणि भाषा हवी. हे जमलेल्या मोजक्या मराठी घरांपैकी एक कोरटकरांचे. वसमत भागातल्या पुरजळचे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातले आणि आताच्या हिंगोलीतले केशवराव कोरटकर हैदराबादेत वकील आणि पुढे न्यायाधीश झाले. विवेकवर्धिनी शाळेच्या उभारणीत त्यांचा हात होता. त्यांचे चिरंजीव विनायकराव विद्यालंकार कांगडीच्या गुरुकुलात शिकून मग लंडनला बॅरिस्टर झाले आणि पुढे हैदराबाद राज्याचे मंत्री. म्हणजे या मातीतल्या घराला लंडन अगदीच अपरिचित नव्हते. फक्त मधे एक पिढी हैदराबादेत खर्ची पडावी लागे. गावातल्या सामान्य कुणब्याच्या किंवा महारवाड्यातल्या मुलाला ती पिढी परवडणारी नव्हती.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो आंबेडकरांच्याच नावाने. लंडनमध्ये ते फिरले कुठे? सकाळी ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय उघडताना आत, बंद होताना बाहेर, अर्धपोटी, एकेक पेनी मोजत. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परतलेला आणि १९२० मध्ये स्वतःच्या बचतीवर व उसनवारीवर पुन्हा गेलेला हा विद्यार्थी. त्याच्यापुढे मनोरे आणि बागा पाहणाऱ्यांनी काय तोंड दाखवावे? आक्षेप खरा आहे, आणि तो कोणत्याही विद्यार्थ्याने मनावर घ्यावा असाच आहे. तरीही त्यातली एक गोष्ट नजरेआड होते. ते वाचनालय त्या काळी वस्तुसंग्रहालयाच्याच पोटात, मधल्या अंगणातल्या घुमटाखाली होते. आज प्रवासी जिथे रांग लावतात, त्याच इमारतीत ते रोज शिरत होते. राजधानीने आपले ज्ञान कुठे आणि कसे साठवले, कोणाला उघडे ठेवले, हे त्यांनी एका फेरीत पाहिले नाही, महिनोन्‌महिने पाहिले. एकच ठिकाण, पण तळापर्यंत. शहर पाहणे याचा अर्थ ठिकाणांची संख्या असा घेतला तर आंबेडकरांनी लंडन पाहिले नाही. समजून घेणे असा घेतला तर त्यांच्याइतके थोड्यांनी पाहिले. आणि १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय त्यांनी काढले ते औरंगाबादेत, मराठवाड्यातल्या मुलांसाठी. परभणीच्या मुलाचा हैदराबादचा लांबचा वळसा तिथे संपला, हे आपण पुरेसे आठवत नाही.

ब्रिटिश म्युझियमच्या त्याच इमारतीत १८८० पासून अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. कृष्णाकाठच्या त्या स्तूपाला सातवाहनांच्या काळात बहर आला, आणि सातवाहनांची राजधानी पैठण. पैठणची गोदावरी पुढे परभणी जिल्ह्यातून, गंगाखेडजवळून वाहते. गंगाखेडच्या मुलाने तिथे त्या दगडांसमोर उभे राहणे हे परदेश पाहणे आहे की स्वतःच्या नदीचा इतिहास पाहणे? कोणी म्हणेल, हीच तर जखम. आपलेच नेलेले आपण विमानाची तिकिटे काढून पाहायला जातो आणि नेणाऱ्याचे कौतुक करून परततो. नेले ही गोष्ट नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. पण पाहणाऱ्याने भारावलेच पाहिजे असे कुठे आहे? आंबेडकरांनी लंडनमध्ये बसून ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिला तो साम्राज्याच्या चलनधोरणावर टीका करणारा. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या आणि कवटीच्या ठेवणीचा वंशाशी गुरूला अपेक्षित असलेला संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष मांडला. समोर ठेवलेली वस्तू पाहायची, पण तिच्यावर दुसऱ्याने लावलेली चिठ्ठी तपासल्याशिवाय मानायची नाही. ही सवय फक्त वर्गात बसून लागत नाही. त्यासाठी वस्तू समोर असावी लागते.

आता पैशाचा प्रश्न. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे आज हैदराबादेतली ती मधली पिढी खर्ची न घालता अनुसूचित जातीतला विद्यार्थी थेट परदेशी विद्यापीठात जाऊ शकतो. तो पैसा लोकांचा आहे, त्याचा हिशेब मागण्याचा लोकांना अधिकार आहे. पण हिशेब मागताना किंमत तरी खरी धरावी. ब्रिटिश म्युझियमचे स्थायी दालन पाहायला पैसे पडत नाहीत. लंडनची इतर राष्ट्रीय संग्रहालयेही तशीच खुली आहेत. १०, किंग हेन्रीज रोडवरचे जे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले, आंबेडकर विद्यार्थी असताना जिथे राहिले, तिथे जायला बसचे भाडे लागते. शिष्यवृत्तीवर गेलेला विद्यार्थी तिथे न जाता परत आला, तर त्याला जाब विचारावा. गेला म्हणून नव्हे. मला खटकते ते दुसरेच. पाहिलेले फोटोत राहते, लिहिले जात नाही. पु. ल. देशपांडे १९५८ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण घ्यायला बीबीसीत गेले, म्हणजे एका अर्थाने विद्यार्थीच. आणि ‘अपूर्वाई’मुळे कधीही जहाजात न बसलेल्या हजारो मराठी माणसांच्या वाट्याला ते लंडन आले. सगळ्यांनी तसे लिहावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. पण शाळेच्या वार्षिकात चार पानांचे, मानवत-जिंतूरच्या दहावीतल्या मुलाला कळेल असे लिहिणे कोणालाही जमेल.

आणि लिहिताना तुलना आपोआप येईल. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यात यादवकालीन देवळे आहेत. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव गाळात बुजली होती, ती गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. ही ठिकाणे पाहायला युरोप लागत नाही. ती राखायची कशी, माहिती कोणी लिहायची, फलक कुठे लावायचा, शाळेच्या मुलांना कोणत्या वयात तिथे न्यायचे, हे मात्र ज्याने एखादी राजधानी आपल्या दगडांना काय मान देते ते जवळून पाहिले आहे, त्याला जास्त नेमके सांगता येते. परदेशातून परतलेल्या विद्यार्थ्यांचे आपल्याकडे सत्कार होतात, शाल आणि नारळ दिला जातो. त्याच कार्यक्रमात वालूरच्या बारवेवरचा माहितीफलक लिहायचे काम त्याच्याकडे सोपवले, तर फिरायला गेला होता की शिकायला, याचा निवाडा गावाला स्वतःच करता येईल.