स्प्रेच्या डब्यापासून कायद्यापर्यंत
मंडळी, १९७३ साल. मारिओ मोलिना नुकताच पीएचडी करून कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला आलेला. तिथे शेरवूड रोलंड सरांसोबत त्यानं एक प्रश्न घेतला: फ्रिज आणि स्प्रेमधला सीएफसी वायू हवेत सुटल्यावर जातो कुठे? खाली तो तुटतच नाही. पार वर गेल्यावर अतिनील किरण त्याला फोडतात, क्लोरीन सुटतो. मग तो एकच अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो आणि स्वतः शाबूत! (कोडिंगवाल्यांनो, लूपच की हो.) १९७४ला पेपर आला, कंपन्यांना तो पटला नाही. १९८५ला अंटार्क्टिकावर ओझोनला भोक पडल्याचं जाहीर झालं. १६ सप्टेंबर १९८७ला माँट्रियल करार झाला तेव्हा भोकाचं कारण पुरतं सिद्धही नव्हतं. तरी सह्या झाल्या. मला तर हेच खरं धाडस वाटतं. भारत १९९२मध्ये सामील झाला, आपले नियम आले २०००मध्ये.