झाशी (कथात्म साहित्यातील) : आईबाप, मुले आणि ओळख

झाशी आणि तिच्या आसपासचा बुंदेलखंड यांवरच्या कादंबऱ्यांत आईबाप व मुले यांचा झगडा वारंवार येतो. भांडण पेटते ते घरात. पण मूल कुणाचे, कुठल्या जातीचे, कुठल्या देशाचे, हे ठरवणारे बहुधा उंबऱ्याबाहेरचे असतात. कधी गव्हर्नर जनरल, कधी रेल्वे, कधी पोलीस ठाणे. मराठी वाचकाची झाशी राणीपाशी सुरू होऊन राणीपाशीच संपते, त्यामुळे या कादंबऱ्यांकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

पूर्वपीठिका : झाशीच्या गादीवरचे नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरीकडचे. गंगाधरराव व लक्ष्मीबाई यांचा 1851 मध्ये जन्मलेला मुलगा तान्हेपणीच गेला. 20 नोव्हेंबर 1853 रोजी भाऊबंदांतला आनंदराव दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले गेले. दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला व 1854 मध्ये संस्थान खालसा झाले. म्हणजे शास्त्राने मुलगा ठरलेला हा पोर कंपनीच्या दप्तरी गादीचा वारस ठरला नाही; खासगी मालमत्तेपुरता मात्र ठरला. त्याच्या नावचे सहा लाख रुपये सरकारात अडकले होते, आणि त्यातले एक लाख त्याच्या मुंजीसाठी हवेत म्हणताना खुद्द राणीला जामीन द्यावे लागले. आईने मुलाची मुंज करायची तर सरकारला हमी द्यायची, हा प्रसंग एखाद्या कादंबरीकाराला सहज पुरला असता. पण कादंबऱ्यांनी दामोदररावाला राणीच्या पाठीशी बांधले आणि ग्वाल्हेरला राणी पडल्यावर वाऱ्यावर सोडले. प्रत्यक्षात तो इंदुरात 1906 पर्यंत जगला.

वृंदावनलाल वर्मा (1889–1969) : मऊरानीपूरला जन्म, झाशीत वकिली. राणीवरील त्यांची हिंदी कादंबरी 1946 ची. तिचा बोलबाला अधिक. या विषयाच्या दृष्टीने मात्र आधीची ‘गढ़ कुंडार’ मोलाची. खंगार राजाच्या मुलाला बुंदेल्यांची मुलगी हवी, ब्राह्मण अग्निदत्ताचा जीव खंगार राजकन्येवर, आणि त्याची बहीण तारा कायस्थ दिवाकरात गुंतलेली. तिन्ही जोड्यांच्या मध्ये जात उभी. वकिलाची नजर असल्याने वर्मा कुठल्याच बापाला निव्वळ खलनायक करत नाहीत.

‘भवानी जंक्शन’ : जॉन मास्टर्स (1914–1983) यांची 1954 ची इंग्रजी कादंबरी. त्यातले भवानी हे काल्पनिक गाव झाशीवर बेतले आहे, असे साधारणपणे मानले जाते. काळ 1946 चा. इंग्रज जाणार हे उघड झालेले. नायिका व्हिक्टोरिया जोन्स ही अँग्लो-इंडियन, लष्करातल्या स्त्री-दलात नोकरी करून घरी परतलेली. वडील मेल गाडीचे ड्रायव्हर. इंग्लंड कधी न पाहिलेला हा माणूस इंग्लंडलाच आपले घर समजतो. रेल्वे वसाहतीतल्या आयुष्याला त्याने विलायतेचा मुलामा दिला आहे आणि मुलीला तो खरवडून काढायचा आहे.

मास्टर्स हा झगडा कपड्यांतून दाखवतात. पॅट्रिक टेलर हा व्हिक्टोरियाचा जुना मित्र, रेल्वेतलाच. त्याच्या डोक्यावरची टोपी, म्हणजे सोला हॅट, उतरत नाही. ती उतरली तर आपण ‘नेटिव्ह’ ठरू ही धास्ती. व्हिक्टोरिया एक दिवस साडी नेसते, आणि घरात जणू कुणी मेल्यासारखे होते. पुढे ती रणजित या शीख तरुणाशी लग्न करायला निघते. तिकडेही आई आहेच : कडवी राष्ट्रवादी सरदारणी, जिच्या शब्दाबाहेर मुलगा नाही. बापाच्या मुठीतून सुटलेली मुलगी सासूच्या मुठीत जाणार हे तिला गुरुद्वारात, धर्मांतराच्या ऐन वेळी, उमगते आणि ती पळ काढते. शेवटी ती पॅट्रिककडे, आपल्याच जमातीत परतते. तीन निवेदक आळीपाळीने बोलतात. बापाला मात्र स्वतःचे निवेदन नाही, हा कादंबरीचा दोषच म्हणायचा. साम्राज्याच्या अधिकाऱ्याची नजर तिच्यात जागोजागी डोकावते, राष्ट्रीय चळवळीची माणसे तर अगदीच उथळ उतरली आहेत.

‘नेटिव्ह’ ठरण्याच्या या भीतीमागे पोटाचा प्रश्न होता. रेल्वे, तार, कस्टम या खात्यांत अँग्लो-इंडियनांच्या नोकऱ्या जवळजवळ वंशपरंपरेने चालत. घटनेच्या कलम 336 ने त्या जागा लगेच काढल्या नाहीत, दर दोन वर्षांनी दहा टक्के कमी करत दहा वर्षांत संपवल्या. ड्रायव्हर बापाने मुलाला द्यायचे ते हेच होते.

चित्रपट : 1956, दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर, नायिका एव्हा गार्डनर, चित्रण लाहोरला, शेवट बदललेला.

मैत्रेयी पुष्पा (जन्म 1944) : बालपण झाशी जिल्ह्यातल्या खिल्ली गावात, शिक्षण झाशीच्या बुंदेलखंड कॉलेजात. ‘कस्तूरी कुंडल बसै’ (2002) या आत्मकथनपर कादंबरीत नेहमीचा डाव उलटा पडतो. आई कस्तुरी लग्नाला नकार देणारी, तरी लग्नात ढकललेली, लवकर विधवा झालेली, मग शिकून ग्रामसेविका झालेली. मुलीने शिकावे, कमवावे, लग्नाच्या फंदात पडू नये, हा तिचा हट्ट. मुलीला लग्न हवे आहे. आई गावोगाव बायकांना शहाणे करत हिंडते आणि मुलगी परक्यांच्या घरी वाढते. त्या घरांत तिला काय सोसावे लागले, याचा हिशेब लेखिका आईच्या पदरात घालते, पण आईला लहान करत नाही.

‘अल्मा कबूतरी’ (2000) मध्ये बुंदेलखंडातली कबूतरा जमात आहे. कदमबाईचा मुलगा राणा जमातीबाहेरच्या बापाचा. त्याला शाळा हवी, चोरीचा धंदा नको. आईला तो कबूतराच हवा. गुन्हेगार जमात कायदा 1952 मध्ये उठला. ठाण्यातल्या लोकांनी मात्र तो उठल्याचे मानले नाही, हे कादंबरी पानोपानी दाखवते.

मराठीत : शिरवाडकरांचे नाटक ‘वीज म्हणाली धरतीला’ राणीवर आहे, आईपणाला त्यात दुय्यम जागा. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ कादंबरी नव्हे, म्हणून या नोंदीच्या कक्षेबाहेर. तरी एवढे नोंदवावे, की वरसईचा हा भिक्षुक घरचे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने निघाला, 1858 च्या वेढ्यात झाशीत अडकला आणि आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परतला. पुस्तक 1907 मध्ये चिं. वि. वैद्यांनी आपला हात फिरवून छापले. मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये पुढे आणले.